आठव्या वर्षाआधीच छाती, चौथीत पाळी: लवकर वयात येण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बीड, लातूर, परभणीकडच्या शाळांतल्या पालक बैठकांमध्ये चिठ्ठ्यांवर येतात, आणि नंतर व्हॉट्सॲपवर येतच राहतात. विचारणाऱ्या बहुतेक आया, काही आज्या. बापांचे प्रश्न कमी, आणि तेही बऱ्याचदा ‘मित्राच्या मुलीचं आहे’ म्हणून. एकच उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वयात येणं म्हणजे शरीरात नेमकं काय सुरू होतं?

सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या काही पेशी जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतात, तेही सलग नाही, साधारण दर तास-दीड तासाला थोडं थोडं. ते खालच्या पिट्युटरी ग्रंथीत पोचलं की ती एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. त्यांच्या सांगण्यावरून मुलीची अंडाशयं इस्ट्रोजेन बनवतात आणि मुलाची वृषणं टेस्टोस्टेरॉन. सुरुवातीला हा सगळा कारभार मुख्यतः रात्री झोपेत चालतो, त्यामुळे दिवसा काढलेल्या रक्तात कधीकधी काहीच सापडत नाही.

मुलीत पहिली खूण छातीची. मग उंची झपाट्याने वाढते आणि छातीला सुरुवात झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे पाळी हा जवळजवळ शेवटचा टप्पा. आपल्याकडे मात्र सगळी मोजणी पाळीपासून होते आणि आधीची दोन वर्षं कुणी बघतच नाही. मुलात पहिली खूण वृषणं मोठी होण्याची, ती तर कुणालाच दिसत नाही. मिसरूड आणि आवाज फुटणं फार नंतरचं.

२. मग हे त्याच वयात का सुरू होतं? मेंदूला कसं कळतं?

ही यंत्रणा जन्मतःच तयार असते. जन्मानंतरचे पहिले काही महिने ती चालूही असते. तान्ह्या मुलाच्या रक्तात त्या काळात टेस्टोस्टेरॉन चांगलं वाढलेलं सापडतं. नंतर मेंदू तिला ब्रेक लावतो आणि तो पुढची कित्येक वर्षं दाबलेला राहतो. वयात येणं म्हणजे हा ब्रेक सुटणं.

तो सुटतो कसा, यातला मोठा भाग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कळला. २००३ मध्ये लक्षात आलं की किस्पेप्टिन नावाच्या रेणूचा निरोप घेणारी जागा ज्यांच्यात बिघडलेली असते, ते आपोआप वयात येतच नाहीत. जीएनआरएचच्या पेशींना जागं करणारा तो हाच रेणू. २०१३ मध्ये उलट्या बाजूचा जनुक सापडला, एमकेआरएन३. तो दाबून ठेवण्याचं काम करतो. तो बिघडला की मूल लवकर वयात येतं (घराण्याचा प्रश्न ७ मध्ये आहे). याशिवाय चरबीतून लेप्टिन नावाचं संप्रेरक येतं. अंगात पुरेसा साठा आहे, हे मेंदूला त्यावरून कळतं. खूप कुपोषित मुलींना पाळी उशिरा येते आणि जाड मुलींना लवकर, याचा एक धागा इथे आहे.

३. ‘लवकर’ म्हणजे किती वर्षांच्या आत?

मुलीत ८ वर्षं पूर्ण होण्याआधी छाती वाढू लागली, किंवा मुलात ९ वर्षांच्या आत वृषणं मोठी झाली, तर लवकर म्हणायचं आणि दाखवायचं. १० वर्षांच्या आत पाळी आली तरी दाखवायचं. मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात कधीही सुरुवात झाली तर ती सर्वसाधारण. ‘आमच्या वेळी चौदाव्या वर्षी यायची’ हे खरं असेल, पण युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सोळा-सतरा हे पाळीचं वय होतं आणि आज तेरा आहे. खाणं सुधारलं, आजारपणं कमी झाली, वय खाली आलं. छातीची सुरुवात तर अजूनही आणखी लवकर होत चालली आहे. कोपनहेगनमधल्या मुलींची १९९१ आणि २००६ ची तुलना केली, तर पंधरा वर्षांत ते वय सुमारे एका वर्षाने खाली आलेलं दिसलं.

वयाइतकाच वेग महत्त्वाचा. साडेसात वर्षांची मुलगी, छातीची छोटी गाठ, आणि वर्षभर तेवढीच, हे वेगळं. सहा महिन्यांत दोन टप्पे ओलांडले आणि दोन मापांचे बूट बदलले, हे वेगळं. म्हणून तारीख टाकून उंची भिंतीवर लिहून ठेवा. डॉक्टरांना तुमच्या अंदाजापेक्षा ती रेघ जास्त उपयोगी पडते.

४. माझ्या सात वर्षांच्या पोरीच्या एकाच बाजूला, स्तनाग्राखाली, कडक गाठ लागतेय. हात लावला की दुखतं. कॅन्सर तर नाही?

या वयात स्तनाचा कॅन्सर जवळजवळ नसतोच. ही छातीची सुरुवातच असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ती एका बाजूने सुरू होते, दुसरी बाजू काही महिन्यांनी येते, आणि थोडं दुखणं ठरलेलंच. मुलगी जाड असेल तर तिला आडवं झोपवून बघतात: नुसती चरबी असेल तर ती पसरते, गाठ जागेवर लागते.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. ही गाठ ‘काढून टाकू’ किंवा ‘तुकडा काढून तपासू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा आणि बालरोगतज्ज्ञाकडे जा. त्या गाठीतूनच पुढे स्तन तयार होणार असतो. ती काढली तर त्या बाजूला तो आयुष्यभर वाढत नाही. शेक, लेप, दाबून मालीश, काही करू नका. वय ८ च्या आत आहे, म्हणून दाखवायचं मात्र आहेच (प्रश्न १२).

५. दीड वर्षाच्या मुलीची छाती वाढलीय. एवढ्या लहान लेकराला कशी?

प्रश्न २ मधला जन्मानंतरचा काळ मुलींमध्ये थोडा लांबतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलींत फक्त छाती किंचित वाढलेली, उंची नेहमीच्याच वेगाने, केस नाहीत, रक्तस्राव नाही, असं असेल तर ती बहुधा आपोआप ओसरते. औषध नाही. दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं, इतकंच.

६. छाती काहीच नाही, पण सात वर्षांच्या मुलीला काखेत केस आलेत आणि घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो. हे तेच का?

बहुतेक वेळा नाही. केस आणि घामाचा वास मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथींमुळे येतात. साधारण सहा ते आठच्या वयात त्या आपल्याआप थोडं पुरुषी वळणाचं संप्रेरक बनवू लागतात. प्रश्न १ मधल्या मेंदूच्या यंत्रणेशी त्याचा थेट संबंध नाही. दोन्ही गोष्टी पुढेमागे एकाच काळात येतात म्हणून आपण एकात धरतो. नुसते थोडे केस आणि वास असेल तर सहसा थांबून बघतात. केस भरभर वाढतायत, मुरमं, आवाज जाड, योनीवरचा दाणा मोठा होतोय, असं काही असेल तर थांबायचं नाही. तेव्हा प्रश्न ८ मधली कारणं तपासावी लागतात.

७. डॉक्टर म्हणतात ‘कारण सापडलं नाही’. म्हणजे तपासणी अर्धवट झाली का?

नाही. मेंदूचा ब्रेक लवकर सुटलेल्या मुलींपैकी दहातल्या नऊहून अधिक जणींत कुठलाही आजार सापडत नाही. घड्याळ लवकर वाजलं, बस्स. मुलांमध्ये चित्र उलटं आहे, ते प्रश्न ११ मध्ये.

सापडणारी कारणं अशी: हायपोथॅलॅमसमधली जन्मजात साधी गाठ (हिच्यात काही लेकरांना कारण नसताना हसण्याचे झटके येतात, आणि घरचे ते ‘लाडात हसतंय’ म्हणून सोडून देतात), मेंदूत पाणी साठणं, डोक्याचा जबर मार, डोक्याला दिलेली किरणं, आणि मेंदूज्वर. यातला टीबीचा मेंदूज्वर आपल्याकडे विसरून चालणार नाही. लहानपणी तो होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

घराण्याचं म्हणाल तर आया नेहमी स्वतःच्या आणि बहिणीच्या पाळीचं वय सांगतात. एमकेआरएन३ ची गंमत अशी की आईकडून आलेली प्रत शरीरात बंदच असते, चालते ती फक्त बापाकडची. म्हणजे बिघाड आला असेल तर बापाकडून, आणि बापाला कदाचित त्याच्या आईकडून, त्याला स्वतःला काहीही न होता. तेव्हा आत्यांना विचारा. बापाची दाढी कोणत्या वर्गात आली तेही विचारा.

८. मेंदूच्या बाहेरचीही कारणं असतात म्हणतात, ती कोणती?

असतात. कमी वेळा, पण उपचार पूर्ण वेगळे. इथे मेंदू झोपलेलाच असतो आणि संप्रेरक दुसरीकडून येतं. मुलीत अंडाशयातली गाठ. मुलात आणि मुलीत ॲड्रीनलचा जन्मजात दोष, ज्यात कॉर्टिसॉल बनवण्याची वाट अडते आणि माल पुरुषी संप्रेरकाकडे वळतो. अंगावर वेड्यावाकड्या कडांचे कॉफीच्या रंगाचे डाग, हाडं ठिसूळ आणि अचानक रक्तस्राव अशी एक दुर्मीळ साखळीही आहे, मॅक्यून-अलब्राइट.

आणि एक कारण घरातच असतं. बाप किंवा काका जिमसाठी अथवा डॉक्टरांच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची जेल लावत असेल आणि लेकरू त्याच अंगावर झोपत असेल, तर ते त्वचेतून लेकरात जातं. इस्ट्रोजेनच्या मलमाचंही तसंच. घरातल्या ट्यूब पिशवीत घालून तपासणीला घेऊन जा.

९. दुधाला म्हशींना इंजेक्शन देतात, बॉयलर कोंबडीला हार्मोन देतात, त्यामुळंच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

म्हशीला पान्हा सोडायला देतात ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं. असं देणं बेकायदा आहे आणि जनावरावर अन्याय आहे, यात वाद नाही. पण ऑक्सिटोसिनचं छाती किंवा पाळी सुरू करण्याशी काही घेणंदेणं नाही. ते वेगळंच संप्रेरक. शिवाय ते प्रथिनाच्या जातीचं आहे, पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं.

बॉयलर पाच-सहा आठवड्यांत मोठी होते, ती वाणाच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला हार्मोन टोचत बसणं कुठल्याच पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही. अँटिबायोटिकची तक्रार करा, ती रास्त आहे, हार्मोनची नाही.

अंडी, तीळ, गूळ, पपई ‘उष्ण’ म्हणून मुलीची तोडू नका. पपईने पाळी लवकर येत नाही. मराठवाड्यात रक्त कमी असलेल्या मुली काही थोड्या नाहीत, आणि अशा घरात पोरीच्या ताटातलं अंडं भावाच्या ताटात जातं तेव्हा नुकसान कुणाचं होतं ते उघड आहे.

जे खरंच जोडलेलं आहे ते वजन. मुलींमध्ये जाडीचा आणि छाती लवकर येण्याचा संबंध बऱ्याच देशांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर इटलीतून, तुर्कस्तानातून आणि आपल्याकडूनही लवकर वयात आलेल्या मुलींची संख्या वाढल्याच्या नोंदी आल्या. घरात बसणं, वजन, झोप, ताण यांतलं नेमकं कशाने झालं यावर एकमत नाही. मोबाईलच्या उजेडावर बोट ठेवणारे आहेत, पण माणसात ते सिद्ध झालेलं नाही. टीव्हीवर ‘तसलं’ बघून पाळी लवकर येते याला तर कसलाच आधार नाही. पाकिटातले कुरकुरे आणि थंड पेयं बंद करायला मात्र संशोधनाची वाट बघायची गरज नाही.

१०. आमच्याकडं कापसावर, सोयाबीनवर फवारणी असते. त्याचा परिणाम?

काही रसायनं शरीरात संप्रेरकासारखी वागतात किंवा त्यांच्या वाटेत येतात, हे खरं. पण ‘कीटकनाशक म्हणजे लवकर’ असं सरळ गणित नाही. केरळातल्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं एंडोसल्फानची हवाई फवारणी झाली. तिथल्या मुलग्यांचा अभ्यास झाला तेव्हा ते उशिरा वयात येत असल्याचं दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. एका मुलीकडे बघून ‘हे फवारणीमुळे’ असं कुणीही सांगू शकत नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरू नका, लेकरांना पंपाजवळ येऊ देऊ नका. कारण विषबाधा ही त्याहून जवळची भीती आहे.

११. मुलगा आठ वर्षांचा. मिसरूड, आवाज फुटलाय, वर्गात सगळ्यांत धिप्पाड. सगळे कौतुक करतात. काळजी करायची का?

हो, आणि याच आठवड्यात. मुलीपेक्षा मुलात लवकर वयात येणं कमी दिसतं, पण दिसलं की मागे आजार असण्याची शक्यता बरीच जास्त. आपल्याकडे उलटं होतं: मुलीला घाईने नेतात आणि मुलाला ‘पैलवान होणार’ म्हणून मिरवतात.

डॉक्टर पहिल्यांदा वृषणांचं माप घेतात, मण्यांची एक माळ असते त्यासाठी. ४ मिलिलिटर किंवा जास्त असेल तर हुकूम मेंदूतून येतोय, म्हणून मेंदूचा एमआरआय लागतो. लिंग मोठं, केस आलेले, पण वृषणं लहानच, तर संशय ॲड्रीनलवर (प्रश्न ८). एकच वृषण मोठं असेल तर त्याची सोनोग्राफी. हा फरक नुसत्या हाताने कळतो, म्हणून लाजून चड्डी काढू न देणाऱ्या बापाला बाहेर बसवावं लागतं कधीकधी.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची छाती थोडी वाढणं मात्र नेहमीचं आहे आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत जातं.

१२. दाखवायचं कुठं आणि काय काय तपासतात?

जवळचा बालरोगतज्ज्ञ. सरकारीत जायचं तर छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा बालरोग विभाग. गरज वाटली तर ते मुलांच्या संप्रेरकतज्ज्ञाकडे पाठवतात. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा त्यांनाही सांगता येतं.

आधी उंची-वजनाचा आलेख. मग डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे, त्यावरून हाडांचं वय कळतं. एलएचची रक्ततपासणी, ती ०.३ च्या वर असेल तर मेंदूची यंत्रणा चालू झालीय असं धरतात. स्पष्ट नसेल तर इंजेक्शन देऊन ठरावीक वेळाने पुन्हा रक्त काढतात. मुलीच्या पोटाची सोनोग्राफी, थायरॉईड. एमआरआय प्रत्येक मुलीला लागत नाही. सहा वर्षांच्या आतली, फार वेगाने पुढे जाणारी, किंवा डोकेदुखी, झटके, नजरेची तक्रार असलेली असेल तर लागतो. सहज काढलेल्या ‘फुल बॉडी हार्मोन पॅकेज’चा उपयोग नाही.

१३. ती तर वर्गात सर्वांत उंच आहे. मग उंची कमी राहील असं का म्हणतात?

कारण इस्ट्रोजेन दोन कामं करतं. आधी उंची वाढवतं, मग हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या बंद करतं. मुलांतही पट्ट्या बंद करणारं इस्ट्रोजेनच, ते टेस्टोस्टेरॉनपासून बनतं. सात वर्षांच्या मुलीच्या हाडांचं वय दहा निघालं, तर तिची वाढायची तीन वर्षं आधीच खर्च झालेली असतात. तिसरीत सर्वांत उंच असलेली मुलगी मग सातवीत मधल्या रांगेत आणि दहावीत पुढच्या. पाळीनंतर उंची सरासरी पाच ते सात सेंटिमीटरच वाढते.

१४. पाळी थांबवायचं इंजेक्शन देतात म्हणे. पुढे मूल होईल ना?

होईल. हे इंजेक्शन जीएनआरएचच्याच घडणीचं आहे. १९७७ चं नोबेल ज्या गिलेमाँ आणि शॅली यांना अर्धं मिळालं, त्यांनी शोधलेला हाच रेणू. युक्ती अशी की पिट्युटरीला तो थोडा थोडा, थांबून थांबून लागतो (प्रश्न १). सतत मिळत राहिला की ती ऐकेनाशी होते आणि एलएच-एफएसएच बंद. म्हणूनच पहिल्या इंजेक्शननंतर उलट थोडा रक्तस्राव होऊ शकतो. घाबरून पुढचं चुकवू नका.

साधारण अकराच्या आसपास बंद करतात. मग यंत्रणा पुन्हा सुरू होते आणि वर्ष-दीड वर्षात पाळी येते. हाडांची घनता उपचारात थोडी मागे राहते आणि नंतर भरून येते. फायदा सर्वांत जास्त सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्यांना. आठच्या पुढे सावकाश चाललेल्या मुलीला बहुतेकदा याची गरज नसते, आणि नुसत्या ‘पाळीची कटकट नको’ या कारणासाठी हे घेऊ नये असं माझं मत आहे. प्रश्न ८ मधल्या कारणांवर मात्र हे इंजेक्शन चालत नाही. पण ॲड्रीनलचा दोष खूप उशिरा सापडला आणि तोवर हाडं पुढे गेली, तर उपचार सुरू झाल्यावर मेंदूही जागा होतो. तेव्हा दोन्ही औषधं लागू शकतात.

१५. छाती वाढलीय, पण उंची वाढतच नाही, उलट बुटकीच राहिलीय. असं कसं?

हा नियमाला अपवाद. थायरॉईड फारच कमी असेल तर टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं पिट्युटरीचं संप्रेरक) इतका वाढतो की तो एफएसएचच्या जागेवरही काम करू लागतो. छाती येते, कधी रक्तस्रावही होतो, पण हाडांचं वय मागे असतं. सोबत थकवा, बद्धकोष्ठता, सुजरा चेहरा. थायरॉक्सिनच्या गोळीने हे मागे फिरतं. अंडाशयात गाठी दिसल्या म्हणून शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी टीएसएच झालाय का ते विचारा.

१६. सहा वर्षांच्या मुलीला रक्त गेलं, पण छाती अजिबात नाही. ही पाळीच का?

छातीशिवाय आलेलं रक्त पाळी नाही असं धरून चला. आत अडकलेला मणी किंवा कापसाचा बोळा, जंतुसंसर्ग, पडून झालेली जखम, लघवीच्या वाटेचा त्रास, क्वचित गाठ. आणि लैंगिक अत्याचार. शेवटचं नाव घ्यायला सगळे कचरतात, म्हणून लिहिलं. लेकराला रागावून विचारू नका, कपडे धुऊ नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. उपचारासाठी आधी पोलिसांत जावं लागत नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८.

१७. आईबाप ऊसतोडीला, नात माझ्याकडं. चौथीत आहे अन् पाळी आली. आता शाळा बंद करावी का? लोक लग्नाचं बोलायलेत.

आजी, शाळा बंद करायची नाही. अंग मोठं दिसतं, पण ती नऊ वर्षांचीच आहे. तिला बाहुली हवी असते आणि अंधाराची भीती वाटते. तिच्याकडून मोठ्या बाईसारखं वागण्याची अपेक्षा करू नका, आणि वस्तीतल्या कुणाला तशी चेष्टाही करू देऊ नका. वर्गशिक्षिकेला एकटीत सांगा, दप्तरात एक पॅड आणि जादा चड्डी ठेवा. आशाताईला पॅडबद्दल विचारा. दहाच्या आत आली म्हणून डॉक्टरांनाही दाखवा (प्रश्न ३).

लग्नाचं: अठराच्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लावणारे, ठरवणारे, मांडवात जेवणारे, सगळे त्यात येऊ शकतात. पाळी आली म्हणजे बाळंतपण झेलायला शरीर तयार झालं असं मुळीच नाही.

१८. इंजेक्शन दर महिन्याला आहे आणि आम्ही दिवाळीनंतर कारखान्यावर जातो. मध्ये चुकलं तर?

एखादा आठवडा उशीर झाला तर फार बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने चुकलं तर यंत्रणा पुन्हा सुरू होते आणि मधली उंची जाते. निघण्याआधी डॉक्टरांना सरळ सांगा की हंगाम संपेपर्यंत आम्ही इथं नाही. महिन्याचं ३.७५ मिलिग्रॅमचं असेल तर तीन महिन्यांचं ११.२५ चं देता येतं; मग हंगामात एक किंवा दोन वेळाच लागतं. कारखान्याजवळच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी, औषधाचं नाव आणि पुढची तारीख लिहून घ्या. फाईल गावी ठेवून जाऊ नका. मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढा, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून त्याचाही. नात आजीकडेच राहणार असेल तर तारीख आजीला आणि आशाताईला, दोघींनाही सांगून जा.